विजेचे त्रैराशिक

विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला, आणि तो दोन्ही पक्षांच्या संमतीने संपला असे मी आजवर मानत आलो. गेली वीस वर्षे मी खामगावात कॉलेजच्या मुलांना मराठी शिकवतो. दिवे गेले की बटण दोनदा खालीवर करून पाहायचे, मग ओट्यावर येऊन शेजाऱ्यांकडे उजेड आहे का हे वाकून बघायचे आणि त्यांच्याकडेही अंधार दिसला की समाधानाने आत यायचे, एवढेच माझे विद्युत्शास्त्र. आमच्या सौभाग्यवतींचे ज्ञान माझ्याहून थोडे अधिक आहे. त्यांना फ्यूजची तार बदलता येते. ही गोष्ट त्या चारचौघांत सांगतात.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी माळ्यावरून दिव्यांचे तोरण काढले. नवी एलईडीची तोरणे घरात आहेतच. पण हे जुने, चाळीस इवल्या बल्बांचे, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतले. लावले तर एकही दिवा लागेना. "टाकून द्या आता," असा निकाल स्वयंपाकघरातून आला. आमची धाकटी कन्या नववीत आहे. तिने वहीतून डोके वर काढले आणि म्हणाली, "बाबा, एकच बल्ब गेला असेल. एकसर जोडणी आहे ना ती!"

एकसर! शब्द ऐकून मी जागच्या जागी थांबलो. एकसर म्हणजे एकाच सरातली, मोत्यांच्या सरासारखी. इतका नेटका मराठी शब्द विज्ञानाच्या पुस्तकात असेल अशी मला कल्पना नव्हती. मी तिचे पुस्तक ओढून घेतले. धडा होता 'धाराविद्युत'. त्या रात्री तोरण राहिले बाजूला, आणि मी जन्मात प्रथमच ओहमचा नियम स्वतःच्या इच्छेने वाचला.

वाचला तो अर्थात मास्तरी खोडीने, शब्दांच्या अंगाने. नियमात तीन शब्द आहेत: विभवांतर, धारा आणि रोध. 'रोध' हा तर आमच्या घरचाच. विरोध, अवरोध, निरोध, अनुरोध ही सगळी त्याचीच भावंडे. 'धारा' दुधाची, पावसाची, आणि आता विजेची. पण 'विभवांतर' पाहून मला गंमत वाटली. विभव म्हणजे संपत्ती, ऐश्वर्य. त्यावरूनच आपले वैभव आले. तेव्हा विभवांतर म्हणजे सरळ अर्थाने श्रीमंतीतला फरक! दोन टोकांच्या श्रीमंतीत फरक असेल तरच मधून काही वाहते. दोन्हीकडे सारखेच असेल तर काही हलत नाही. तारेवर कावळा दिवसभर बसतो आणि त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच श्रीमंतीवर टेकलेले असतात.

कन्येला ही व्युत्पत्ती फारशी उपयोगाची वाटली नाही. "परीक्षेत हे लिहू नका हं," ती म्हणाली, जणू परीक्षा मलाच द्यायची होती.

मग मी माझ्यापुरता एक दाखला शोधला. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची माणसे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो असा की, तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावर; खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखाली. बुलढाण्याहून बोथ्याचा घाट उतरून खामगावकडे येताना पावसाळ्यात पाहावे: वर पडलेले पाणी घळीघळींतून खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे धावत असते. घाटाची उंची हे विभवांतर. धावणारे पाणी ही धारा. मधले खडक, झुडपे, बंधारे हा रोध. उंची दुप्पट झाली तर ओढ दुप्पट. अडथळे दुप्पट झाले तर धार निम्मी. पाण्याचा हिशेब इतका सरळ नसतो, पण तारेतल्या विजेचा असतो. विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. व्होल्टला ओहमने भागा, अँपिअर येतात. आपल्या लहानपणच्या त्रैराशिकाहून हे अवघड नाही.

उदाहरणार्थ, घरातला गीझर. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची. गीझरमधल्या तापणाऱ्या तारेचा रोध 23 ओहम धरला, तर 230 भागिले 23, म्हणजे 10 अँपिअर. दिव्याचे साधे सॉकेट पाच-सहा अँपिअरसाठी केलेले असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अशा सॉकेटात गीझर खोचून अभ्यंगस्नान करणाऱ्यांच्या भिंतीतून जळका वास का येतो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

हा नियम ज्याने शोधला तो गृहस्थ माझ्याच व्यवसायातला निघाला, म्हणून त्याच्याविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. गेओर्ग सिमोन ओहम ह्याचा जन्म 1789 साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलुपे घडवणारे कारागीर. स्वतः घरीच शिकलेले, आणि तेवढ्या शिदोरीवर मुलांना गणित शिकवणारे. ओहम पुढे कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवू लागला. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिकवून उरलेल्या वेळात, तो तारांचे तुकडे मोजत बसे: एक आखूड, एक लांब, एक जाड, एक बारीक. त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब क्षणाक्षणाला ढळायचा, म्हणून आकडे जुळत ना. तेव्हा पोगेनडॉर्फ ह्या संपादक-शास्त्रज्ञाने सुचवले, की दोन धातूंचे सांधे करून एक तापवा आणि दुसरा थंड ठेवा. त्यातून मिळणारी वीज स्थिर असते. ओहमने एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि आकडे एकदम शिस्तीत आले.

1827 साली त्याने आपले पुस्तक बर्लिनला छापले. स्वागत कसे झाले? थंड. विजेसारख्या चंचल गोष्टीला असे वाण्याच्या वहीतले गणित लावता येते हे पुष्कळांना पटले नाही, आणि ज्यांना पटले असते त्यांनी वाचले नाही. ओहमने ह्या पुस्तकाच्या भरवशावर विद्यापीठातल्या जागेची आशा धरली होती. जागा मिळाली नाही आणि कोलोनची नोकरीही त्याने सोडली. पुढली काही वर्षे फुटकळ शिकवण्यांत गेली. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा कुठे स्वदेशी लोकांनी मान वळवून पाहिले. म्यूनिकला भौतिकीची प्राध्यापकी मिळाली ती 1852 मध्ये, आणि 1854 मध्ये तो वारला. पंचवीस वर्षे वाट पाहून दोन वर्षांची प्राध्यापकी! स्टाफरूममध्ये मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तासिका तत्त्वावरचे आमचे दोन तरुण सहकारी काही न बोलता चहा पीत राहिले.

पण ओहमच्याही आधी हे गणित एकाला सापडले होते. इंग्लंडचा हेन्री कॅव्हेन्डिश अतिशय श्रीमंत आणि अतिशय मुखदुर्बळ गृहस्थ होता. 1781 च्या सुमारास त्याने निरनिराळ्या खारट पाण्यांचा रोध मोजला. मोजायला यंत्र नव्हते. म्हणून तो स्वतःच्या हातातून झटका घेई आणि कोणता जोराचा, कोणता हलका हे अंगावरून ठरवी! हे सर्व त्याने वहीत लिहून ठेवले आणि कोणाला सांगितले नाही. मॅक्सवेलने ती कागदपत्रे 1879 मध्ये छापली, तेव्हा जगाला कळले. माणसाचे शरीर हेही तारेसारखेच मंडलाचा एक भाग होऊ शकते, ही गोष्ट त्या एकलकोंड्याला अंगाने ठाऊक होती. तिच्याकडे मला पुढे यायचेच आहे.

ओहमच्या नियमाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती तारायंत्राने, आणि तिथे आमच्या खामगावचाही धागा लागतो. 1858 साली अटलांटिक समुद्राच्या तळातून पहिली तार टाकली गेली. संदेश नीट जाईनात म्हणून तिथल्या विद्युत्तज्ज्ञाने दाब वाढवत वाढवत दोन हजार व्होल्टांच्या घरात नेला, आणि काही आठवड्यांतच तार मेली. ज्याला विल्यम टॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, समजावून सांगत होते, त्याने आकडेमोडीपेक्षा जोरावर विश्वास ठेवला. त्यानंतर मात्र तारेचा प्रत्येक मैल रोध मोजून घेतल्याशिवाय समुद्रात उतरेना. 1870 मध्ये सुवेझ-एडनमार्गे अशी तार मुंबईला पोहोचली. त्याच वर्षी जलंबहून खामगावपर्यंतचा आगगाडीचा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, आणि गाडीबरोबर तारही आली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तिकडून तार ठोकली की वऱ्हाडातला कापूस दीड महिन्यात त्याच्या धक्क्यावर उतरू लागला. आमच्या पणज्यांनी विकलेल्या कापसाचा भाव कुठे ठरतो हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. तो हजारो मैल तारेतून, रोध ओलांडीत येत होता. 2013 च्या जुलैमध्ये सरकारी तारसेवा कायमची बंद झाली. 'तार आली' म्हटल्यावर बायकांनी आधी रडायला लागायचे, हा रिवाज त्याआधीच मोडला होता.

आणि खामगावची दुसरी कीर्ती चांदीची. धनत्रयोदशीला आमच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. कन्येच्या पुस्तकात धातूंच्या रोधकतेचे एक कोष्टक आहे. सर्व धातूंत सर्वांत कमी रोध चांदीचा! तांब्याचा तिच्याहून किंचित अधिक, ॲल्युमिनिअमचा त्याहून अधिक, आणि इस्त्री-गीझरमधल्या नायक्रोमचा तांब्याच्या साठपट वगैरे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबाँबसाठी युरेनिअम वेगळे करण्याचे प्रचंड विद्युत्चुंबक उभारले, तेव्हा तांबे तोफांच्या गोळ्यांत गुंतले होते. मग सरकारी खजिन्यातून तेरा हजार टनांहून अधिक चांदी उसनी आणून तिच्या तारा ओढल्या आणि युद्धानंतर ती परत केली. हे मी घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "मग पैंजणांना कोणी नुसती हौस म्हणू नये."

तोरण अजून तसेच पडले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक ते घेऊन बसलो. तोरण प्लगमधून काढायचे, एक बल्ब उपसायचा, चांगला बल्ब त्याच्या जागी खोचायचा, पुन्हा लावून पाहायचे. माझ्या लहानपणी ह्यावर सोपा उपाय होता: सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गेलेल्या बल्बच्या जागी कोंबायचा. तोरण लखकन लागे. कन्येने त्याचाही हिशेब मांडला. 230 व्होल्ट चाळिसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा येतात. दहा जागी चंदेरी कागद कोंबला तर उरलेल्या तिसांना पावणेआठ. ते अधिक तेजाने जळतात, आणि लवकर मरतात. आणखी एक जास्तीचे शहाणपण तिने मला शिकवले: बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापल्यानंतरच्या रोधाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, म्हणून बटण दाबताक्षणी धारा एकदम उसळते. बल्ब जातो तो बहुधा लावताना, जळताना नव्हे. म्हणूनच ओहमच्या नियमात 'तापमान कायम असताना' ही अट आहे. (एलईडी मात्र ओहमला जुमानत नाहीत, त्यांचे गणित निराळे.)

सव्विसावा बल्ब गेलेला निघाला.

आई पलीकडे पाटावर बसून करंज्यांना कातण फिरवीत होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती, पण ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "शेतातल्या मोटरीचं पन असंच गनित असतं का गं?"

कन्येने मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली. डीपीपासून विहीर लांब असते. समजा जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून रोध दोन ओहम, आणि मोटर वीस अँपिअर ओढते. तर चाळीस व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि मोटरीला 190 उरतात. शेतकरी म्हणतो होल्टेज नाही. मोटर त्या कमी दाबातही पाणी उपसायचा प्रयत्न करते, म्हणून आणखी धारा ओढते, तापते, आणि तिचे वाइंडिंग जळते. मी मध्येच तिला खुणेने थांबवायचा प्रयत्न केला. तिला कळले नाही. तिला माहीतच नव्हते.

1994 ची दिवाळी. मी दहावीत होतो आणि आम्ही चिखलीला राहत होतो. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या काठी शेती करायचा. भाऊबीजेला सकाळच्या पहिल्याच गाडीने ये, उशीर करू नकोस, असा निरोप आईने एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला होता. शेतातली लाइट रात्री यायची. हरभऱ्याचे पाणी संपवून पहाटे निघावे म्हणून मामा रात्रीच शेतात गेला. अनवाणी होता, वाफ्यात गुडघाभर चिखल. मोटर बंद करायला त्याने स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर हात ठेवला. पेटीच्या आत एका तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली होती. सकाळच्या पहिल्या गाडीने मामाऐवजी गावातला एक माणूस आला. ओवाळणीचे ताट तयार होते.

तेव्हापासून आई भाऊबीजेला गच्चीवर जाऊन द्वितीयेच्या कोरीला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. आणि तिने एकच वाक्य तीस वर्षांत पुष्कळदा म्हटले आहे: मी निरोप धाडला नसता तर थो घाईनं रातचा गेला नसता.

हे मी त्या संध्याकाळी कन्येला थोडक्यात सांगितले. आई खाली मान घालून करंज्या करीत होती. कन्या बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने हळूच विचारले, "आजी, त्यांचे पाय ओले होते?"

"चिखलातच होता तो."

तिने वही ओढली. कोरड्या कातडीच्या हाताचा रोध लाख ओहमपर्यंत असू शकतो. लाखाने 230 ला भागले तर दोन मिलिअँपिअरच्या किंचित वर. माणूस दचकतो, शिवी घालतो आणि हात झटकतो. हा लाखाचा आकडा भरवशाचा नव्हे. घाम, जखम, नुसता जोराने धरलेला हात त्याला खाली आणतो. पण अंग ओले असेल तर रोध हजार ओहमच्या आसपास येतो. 230 भागिले हजार: 230 मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताची मूठ आपोआप आवळते आणि सुटत नाही. तिसाच्या पुढे श्वास अडतो. शंभरात हृदयाची लय मोडते. वहीवर 0.23 असा आकडा होता आणि त्याच्यापुढे कोणाला काही बोलता येईना.

मग तिने खाली दुसरे गणित मांडले. पेटीच्या पत्र्याला एक तार जोडून ती जमिनीत, मीठ-कोळशाच्या ओल्या खड्ड्यात पुरलेली असती, आणि त्या वाटेचा रोध दोन ओहम धरला, तर? 230 भागिले दोन, 115 अँपिअर. तार पत्र्याला टेकल्या क्षणी फ्यूज उडाला असता. मामा शेतात पोहोचण्याच्या आधीच मोटर बंद पडली असती, तो कोणाच्या तरी नावाने बोटे मोडीत घरी येऊन झोपला असता. मुरमाड, कोरड्या जमिनीत खड्ड्याचा रोध पुष्कळ वाढतो आणि फ्यूज उडेलच असे नाही. म्हणून आता 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून क्षणात वीज तोडणारे यंत्र बसवतात. पण मामाच्या पेटीला दोन्हींपैकी काहीच नव्हते. ज्याने ती बसवली त्याने तार वाचवली होती.

"किती रुपयाची असंल ती तार?" आईने विचारले.

"तेव्हाचे शंभर-दोनशे," मी म्हणालो.

आईने हातातली करंजी पूर्ण केली, ताटात ठेवली. "म्हंजे निरोपानं नाही," ती म्हणाली. प्रश्न होता की काय, ते मला कळले नाही.

"नाही, आजी," कन्या म्हणाली.

आई उठून आत गेली. तिला बरे वाटले की अधिकच लागले, हे मी आजही सांगू शकत नाही. दैवाला हात जोडता येतात. दोनशे रुपयांच्या तारेला काय करावे? जेवताना मात्र तिने एकदम विचारले, "आपल्या घराला हाय का ती?"

आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. सॉकेटला तीन छिद्रे होती, त्यातले वरचे मोठे त्यासाठीच असते हे कन्येने सांगितले. पण त्याच्या मागे काय आहे हे कोणी पाहिले होते?

दिवाळीत वायरमन मिळणे म्हणजे पितृपक्षात भटजी मिळण्यासारखे. तो उगवला तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. बोर्ड उघडल्यावर त्याने आम्हांला बोलावून दाखवले: सगळ्या हिरव्या तारा व्यवस्थित आल्या होत्या, एकत्र पिळल्या होत्या, आणि तिथेच कापून सोडल्या होत्या. पुढे काहीच नव्हते. गीझरचीही तार त्यांत होती. बारा वर्षे आम्ही त्या घरात नांदत होतो आणि पहाटेची अभ्यंगस्नाने करीत होतो.

परसात खड्डा खणला. पाइप पुरला, भोवती कोळसा आणि खडेमिठाचे थर दिले, वर सिमेंटचे छोटे कुंडे बांधले आणि बोर्डात गळती ओळखणारे यंत्रही बसले. वायरमनने बजावले, की उन्हाळ्यात खड्डा वाळू देऊ नका, वाळला तर रोध वाढतो. 'रोध' हा शब्द त्याने वापरला नाही, तो म्हणाला, "अर्थिंग मरते."

त्याआधीच भाऊबीज होऊन गेली होती. आई नेहमीप्रमाणे ताट घेऊन गच्चीवर गेली. ह्या वेळी नात बरोबर होती. बराच वेळ दोघी खाली आल्या नाहीत. वर काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

यंदाचा उन्हाळा कडक गेला. खामगावचा उन्हाळा घाटाखालचा, त्याची तऱ्हा वाचकांपैकी जे इकडे येऊन गेले असतील त्यांना सांगायला नको. आई रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालायची, आणि तांब्यात उरलेले पाणी परसात नेऊन त्या कुंड्यात ओतायची. एकदा ती आजारी होती, तेव्हा पडल्या पडल्या तिने मला हाक मारून विचारले, "खड्ड्याला पानी टाकलं का रे?"